पुलाची शाकारणी

"गो, ह्यो पूल काय गुरांचो गोठो?"

गाडीचं दार अर्धं उघडून, एक पाय बाहेर आणि एक आत अशा अवस्थेत बाबांनी विचारलं. समोर ग्रँड नदीवर हार्पर्सफील्डचा पूल उभा होता. प्रश्न अगदीच वावगा नव्हता. वर उतरतं छप्पर, दोन्ही अंगांना फळ्यांच्या भिंती, आत काळोख. खालची नदी हाताने झाकली तर कोणीही गोठाच म्हणेल.

बाबा एप्रिलमध्ये आमच्याकडे क्लीव्हलंडला आले आणि ऑक्टोबरच्या अखेरीस परत जायचे होते. अमेरिका त्यांना दाखवायची म्हणून आम्ही जंग जंग पछाडलं होतं. नायगारा बघून ते एवढंच म्हणाले, "आंबोलीक भजी तरी मेळतत." डाउनटाउनच्या उंच इमारतींखाली त्यांची मान दुखली. मग जायच्या दोन आठवडे आधी मला सुचलं की सुतार माणसाला लाकूड दाखवावं. बाबांनी कुडाळच्या आसपासच्या गावांत पंचेचाळीस वर्षं घरांची छपरं घातली. स्लॅबची घरं आल्यावर दारं-खिडक्या करत राहिले, पण स्वतःची ओळख कोणी विचारली तर अजून "छपराचो सुतार" असंच सांगतात.

क्लीव्हलंडहून इंटरस्टेट नव्वदने पूर्वेला निघालं की तासाभरात जिनिव्हा येतं. ओहायोच्या या कोपऱ्यात, इरी सरोवराच्या काठाने, द्राक्षांचे मळे आहेत. ऑक्टोबरमध्ये काच खाली केली तर कॉन्कॉर्ड द्राक्षांचा वास आत येतो. लहानपणी मिळणाऱ्या द्राक्षाच्या गोळीला येतो ना, हुबेहूब तोच. मला वाटायचं तो वास कारखान्यात तयार करतात. नव्वदवरून खाली उतरलं की दोन-चार मिनिटांत पूल.

पुलाला लागून एक पार्क आहे. पार्क म्हटल्यावर बाबांच्या डोळ्यांसमोर घसरगुंडी, कारंजं आणि गेटावर भेळवाला असतो. इथे त्यातलं काही नाही. नदीकाठचं कापलेलं गवत, लाकडी बाकं-टेबलं, एक उघडा मांडव, आणि पाण्यात मांडीपर्यंत उतरून गळ टाकून उभी असलेली चार-पाच माणसं. पुलाजवळच नदीवर एक बुटका बांध आहे. समुद्री लॅम्प्रे नावाचा, दुसऱ्या माशांना चिकटून त्यांचं रक्त पिणारा एक मासा सरोवरातून वर चढू नये, हे त्या बांधाचं काम. त्याच्या पायथ्याशी फेस होतो आणि तिथेच सगळ्यांचे गळ पडतात. शरदापासून स्टीलहेड मासे सरोवरातून नदीत शिरायला लागतात. बाबा तिथे बराच वेळ उभे राहिले. एकाला मासा लागला. त्याने तो हातात धरला, फोटो काढला आणि पाण्यात सोडून दिला. बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही ते मीच करायला सांगितलं होतं.

या नदीची एक गंमत मला आवडते. ओहायो राज्याने १९७४ मध्ये ग्रँड नदीला संरक्षण दिलं, तेव्हा तिचे दोन भाग केले आणि हद्द म्हणून हा पूलच धरला. पुलाच्या वरच्या अंगाची नदी सरकारदरबारी 'निसर्गरम्य', आणि खालच्या अंगाची 'वन्य'. पुलाच्या मधोमध उभं राहून डावीकडे बघितलं काय न् उजवीकडे बघितलं काय, मला तर दोन्हीकडे सारखंच तपकिरी पाणी दिसतं. पण कागदावर का होईना, पुलाखालून जाताना नदीचा स्वभाव बदलतो.

पूल १८६८ चा. लांबी २२८ फूट, नदीत मधे एक खांब, म्हणजे दोन गाळे. अजून गाड्या जातात त्यावरून. १९९१-९२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली तेव्हा चालणाऱ्यांसाठी एका अंगाला निराळी वाट जोडली. आम्ही त्या वाटेने निघालो खरे, पण बाबांचा पाय पुढे पडेना. फळीच्या फटीतून ते आतला सांगाडा बघत होते.

आत जाऊन बघितल्याशिवाय या पुलाचं काही कळत नाही. बाहेरून दिसतो तो नुसता अंगरखा. आत दोन्ही बाजूंना, वर एक आणि खाली एक अशा जाडजूड तुळया पुलाच्या लांबीभर गेलेल्या, आणि त्यांच्यामध्ये तिरक्या लाकडांच्या फुल्या. एक फुली, दुसरी फुली, तिसरी, थेट पलीकडच्या उजेडापर्यंत. दर दोन फुल्यांच्या मध्ये लोखंडाच्या उभ्या सळया. बाबांनी तिरक्या लाकडावर आधी तळवा ठेवला, मग बोटाच्या पेराने टकटक केलं, मग अंगठ्याचं नख रुतवून बघितलं. नख रुतलं नाही. त्यांनी मान हलवली.

"लाकूड जुना आसा. सळये मागसून घातलेले."

मी फोनवर वाचून सांगितलं की तसं नाही. हा हाऊ पद्धतीचा सांगाडा आहे आणि सळया पहिल्यापासूनच आहेत. मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम हाऊने १८४० मध्ये याचं पेटंट घेतलं. (शिवणयंत्राचा शोध लावणारा एलियास हाऊ हा त्याचा पुतण्या. त्या घराण्याला जोडण्याची हौसच असावी.) त्याची युक्ती अशी की वरच्या-खालच्या तुळयांच्या मध्ये ज्या भागावर दाब येतो तो लाकडाचा ठेवायचा आणि ज्यावर ताण येतो तो लोखंडाचा. लाकूड दाबाला चांगलं, पण दोन लाकडं ताणात जोडायची म्हटली की सांध्याचे हाल होतात. म्हणून तिरकी लाकडं नुसती टेकवलेली, आणि सगळं एकमेकांवर आवळून धरायला उभ्या सळया. सळईच्या टोकाला आटे, आट्यांवर नट. ओलं लाकूड वाळून आकसलं, सांगाडा सैल झाला, तर पाना घ्यायचा आणि नट फिरवायचा.

बाबांना हे पटलं नाही. सुताराच्या कामात लोखंड शिरलं म्हणजे कोणीतरी नंतर येऊन केलेली लबाडी, असं त्यांचं ठाम मत आहे. ते वाकून खालच्या तुळईपाशी गेले. तिथे सळई जिथून आरपार जाते तिथलं भोक त्यांनी बघितलं. बोट फिरवलं. लाकडावर नटाखालच्या पत्र्याचा दाब पडून एक उथळ खळगी झाली होती, आणि तिच्या कडाही बाकीच्या लाकडाइतक्याच काळ्या होत्या. ते उठले, गुडघ्याला हात लावून दोन सेकंद थांबले आणि म्हणाले, "पयल्यापासूनच आसा." पंचेचाळीस वर्षांत मी त्यांना एवढ्या लवकर चूक कबूल करताना बघितलेलं नाही. मग पुढचा प्रश्न आला.

"मगे ह्यां आवळता कोण?"

याचं उत्तर माझ्याकडे एका वाक्यात होतं, काउंटीचे इंजिनिअर. पण ते वाक्य बोलल्यावर मला जाणवलं की बाबांना हुद्दा नको होता. त्यांना माणूस हवा होता. दीडशेहून जास्त वर्षांत कोण कोण पाना घेऊन इथे वाकला असेल, त्याचा हिशेब ते मनात लावत होते.

एवढ्यात एक पिकअप पुलावर शिरली. खालच्या फळ्या एकामागून एक वाजत गेल्या आणि सगळा पूल आतून घुमला. बाबा कान देऊन ऐकत होते. ती निघून गेल्यावर म्हणाले, करकरला नाही.

छपराचं कारण काय, यावर इथल्या लोकांत अनेक कथा आहेत. वाहतं पाणी दिसून घोडे बुजू नयेत म्हणून भिंती घातल्या, असं हमखास सांगतात. कोणी म्हणतं प्रवाशांना वादळात आसरा. तरुण-तरुणींना काळोखात चोरून चुंबन घेता यावं म्हणून, असंही म्हणतात, आणि अशा पुलांना तसं नावही आहे. घोड्यांची गोष्ट मी बाबांना सांगितली.

"घोड्यांसाठी छप्पर कोण घालतलो? पैसे वर इले?"

मग त्यांनी वर बघून वाशांवरून बोट फिरवत मला जे सांगितलं, ते पुलांच्या कोणत्याही पुस्तकात असंच सापडेल, पण मालवणीत नक्की नसेल. लाकूड पाण्याने मरणा नाय, भिजान-सुकान मरता. विहिरीतलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, घरातलं आढं शंभर वर्षं टिकतं, आणि दोघांच्या मधलं, उन्हापावसातलं लाकूड दहा-बारा वर्षांत भुसभुशीत. पाणी सांध्यात शिरतं, तिथेच बसतं, आणि सांधा म्हणजे तर सगळ्यात महत्त्वाची जागा. म्हणून हे छप्पर पुलाचं आहे, माणसांचं नव्हे. त्याच्या फळ्या सडल्या तर बदलता येतात. आतली तुळई सडली तर नदीवर पूलच राहत नाही.

अमेरिकेतला असा पहिला झाकलेला पूल फिलाडेल्फियात स्कूइलकिल नदीवर १८०५ मध्ये तयार झाला. टिमोथी पामर नावाच्या कारागिराने बांधला. छपराचा आग्रह रिचर्ड पीटर्स या न्यायाधीशाचा. बाबांना न्यायाधीशाचं नवल वाटलं. त्यांच्या अनुभवात न्यायाधीश घर बांधताना छपरावरच काटकसर करतो.

त्यांना मनापासून हसू आलं ते बर्फाच्या गोष्टीचं. जुन्या काळी हिवाळ्यात इथे घसरगाड्या चालत. छपरामुळे पुलावर बर्फ पडायचा नाही, आणि कोरड्या फळ्यांवर घसरगाडी अडायची. म्हणून बाहेरचा बर्फ फावड्याने आत आणून पुलावर पसरायचं काम माणसं लावून करून घेत. बर्फ बाहेर ठेवायला छप्पर, आणि तोच बर्फ आत आणायला मजुरी. "आपल्या ग्रामपंचायतीसारखा," बाबा म्हणाले.

पुलाच्या उत्तरेच्या टोकाला पोचलं की एकदम उजेड होतो, आणि छप्पर संपतं. पण पूल संपत नाही. पुढे १४० फुटांचा उघडा, पोलादी गाळा आहे. मार्च १९१३ मध्ये ओहायोभर महापूर आला, त्यात नदीने लाकडी पुलाला हात लावला नाही, पण उत्तरेकडची जमीनच वाहून नेली. पूल जागेवर आणि काठ गायब. मग मधली फट भरायला पोलादाचा तुकडा जोडला. बहुतेक लोक फोटो काढताना तो चौकटीबाहेर ठेवतात. कॅलेंडरवर छप्परवालाच भाग असतो. मलाही पहिल्यांदा आले तेव्हा तो तुकडा विद्रूप वाटला होता, पैठणीला गोणपाट जोडल्यासारखा. बाबांना मात्र त्याच्यात काही खटकलं नाही. सांध्यापाशी उभं राहून त्यांनी लाकडाकडे बघितलं, पोलादाकडे बघितलं.

"ठिगळ लायल्यानी, पण लपयल्यानी नाय. बरां केल्यानी."

आमच्या गावात घराशेजारच्या वहाळावर साकव असायचा. माडाचे दोन-तीन सोट टाकलेले, धरायला एका बाजूने बांबू. शाळेत जायची आमची वाट तीच. दोन-तीन पावसाळे गेले की एखादा सोट आतून पोकळ व्हायचा आणि वाडीतली माणसं मिळून नवा टाकायची. बाबांना मी विचारलं, तुम्ही जन्मभर छपरं घातलीत, साकवावर का नाही घातलं? ते म्हणाले, साकवाची किंमत दोन माड. छपराला लागतील दहा. कुजू दे त्याला. कशावर छप्पर घालायचं आणि काय कुजू द्यायचं, हा हिशेब आधी करायचा असतो.

हे बोलून झाल्यावर ते गप्प झाले, आणि ते का गप्प झाले ते मला माहीत होतं.

कोकणात मे महिन्यात घराची शाकारणी करतात. म्हणजे पावसाच्या आधी सगळं छप्पर उकलून बघायचं. कौलं काढायची, झाडायची, फुटलेली बाजूला टाकायची, खालच्या रिपा बघायच्या, वाशांची टोकं टोचून बघायची, आणि सगळं परत रचायचं. माकडं वर्षभर कौलांवर नाचतात, वरून नारळ पडतो, एका कौलाला तडा जातो. एक फुटकं कौल म्हणजे एका वाशावर चार महिने थेंब. बाबांनी दुसऱ्यांची शेकडो छपरं शाकारली आणि स्वतःचं दर मे महिन्यात, न चुकता. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा धरला म्हणून राहिलं. या वर्षी राहिलं ते माझ्यामुळे. आई गेल्यापासून ते घरात एकटे असतात, याची मला काळजी, म्हणून मीच एप्रिलचं तिकीट काढलं. जूनमध्ये जातो, असं ते दोनदा म्हणाले होते. मी म्हटलं, बाबा, जूनमध्ये तिकीट महाग असतं.

ऑगस्टमध्ये चुलतभावाने गावाहून फोटो पाठवला. माजघराच्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक काळा ओघळ, आणि दुसऱ्या फोटोत वाशाचं टोक, ओल्या बिस्किटासारखं. बाबांनी फोन हातात घेऊन तो फोटो दोन बोटांनी मोठा केला, लहान केला, पुन्हा मोठा केला. काही बोलले नाहीत. त्या दिवशी ते जेवले मात्र कमी.

पुलावरून परतल्यावर गाडीत डबा खाल्ला आणि आम्ही अ‍ॅश्टब्यूलाच्या दिशेने निघालो. या काउंटीत असे एकोणीस झाकलेले पूल आहेत. त्यातले काही अगदी अलीकडचे. स्मोलेन-गल्फ नावाचा पूल २००८ मध्ये खुला झाला, ६१३ फूट लांब. त्याआधी ओहायोत सगळ्यात लांबीचा मान हार्पर्सफील्डचा होता. जिनिव्हातच २०११ मध्ये १८ फुटांचा एक पूल बांधला, देशातला सगळ्यात छोटा म्हणून मिरवतात. तो मला जरा पोरखेळ वाटतो. स्मोलेन-गल्फ मात्र भव्य आहे. खाली खोल दरी, झाडांना पिवळा-तांबडा रंग चढलेला. बाबांनी त्याच्या आत पाऊल टाकलं, वर बघितलं, "यंत्रान केलेला" म्हणाले, आणि पाच मिनिटांत गाडीत येऊन बसले. मी थोडा वाद घातला. आजच्या काळात ट्रकांचं वजन पेलणारा लाकडी पूल कोणी बांधतंय, हीच केवढी गोष्ट. त्यांनी ऐकून घेतलं.

परतीच्या वाटेवर मी त्यांना अ‍ॅश्टब्यूलातल्याच दुसऱ्या एका पुलाची हकीकत सांगितली. तोही हाऊ पद्धतीचाच, पण रेल्वेचा, आणि संपूर्ण लोखंडाचा. अमासा स्टोन हा रेल्वेतला बडा माणूस, विल्यम हाऊचा नातेवाईक. लाकडासाठी काढलेला आराखडा त्याने सगळाच लोखंडात उतरवला. १८६५ मध्ये पूल झाला. २९ डिसेंबर १८७६ च्या रात्री हिमवादळात पॅसिफिक एक्स्प्रेस त्यावर आली, पुढचं इंजिन पलीकडे पोचलं आणि मागे सगळा पूल दरीत कोसळला. डब्यांतल्या शेगड्यांनी आग लागली. सुमारे ९२ माणसं गेली. नंतर तपासात ओतीव लोखंडाच्या एका तुकड्यात पोकळी सापडली. ओतताना आत राहिलेली, बाहेरून न दिसणारी. ज्यांची ओळखच पटली नाही अशांच्या स्मारकाचा दगड तिथल्या दफनभूमीत आहे.

म्हणजे हार्पर्सफील्डचा लाकडी पूल तेव्हा आठ वर्षांचा होता, आणि त्याच काउंटीतला लोखंडी पूल अकरा वर्षांचा.

बाबा बराच वेळ बाहेर बघत होते. द्राक्षांचे मळे मागे पळत होते, सूर्य डाव्या हाताला उतरला होता.

"लोखंड आधी सांगणा नाय," ते म्हणाले. "लाकूड करकरता. वासो मोडूच्या आधी म्हयनोभर आवाज करता. पण घरात माणूस होयो ना ऐकूक."

मी काही बोलले नाही. एक्झिट आलं, गेलं. क्लीव्हलंडचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांनी खिशातून चष्मा काढला, माझ्या डॅशबोर्डवरचं पार्किंगचं जुनं बिल उचललं आणि त्याच्या मागे पेनाने काहीतरी लिहायला लागले. रीप, वासे, त्यापुढे आकडे. चुलतभावाला रात्रीच फोन लावून दे म्हणाले. गावात सकाळ असेल.

"मंगलोरी कौलां किती सांगू?" मी विचारलं.

"दोनशे लागतली." थोडं थांबून त्यांनी आकडा खोडला. "अडीचशे सांग. पन्नास वाटेत फुटतली."